पुस्तकाआधी दहा वाचक

इंदूरच्या एका वाचकताईंचं पत्र, त्यांची ओळख वगळून, थोडक्यात असं:

वय ४६, सहकारी बँकेत नोकरी, मुलगी कॉलेजात. माहेर-सासर दोन्हीकडच्या तीन पिढ्या इंदूरच्याच. गेली काही वर्षं पहाटे उठून त्या मराठीत कथा लिहितात आणि आता नऊ कथांचा संग्रह तयार आहे. बऱ्याच कथा रामबागेतल्या एका वाड्याभोवती फिरतात. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी कळवलं की कथा चांगल्या आहेत, पण भाषेवरची हिंदीची छाप काढावी लागेल. शिवाय ७५ हजार रुपये भरले तर ५०० प्रती काढू, २०० तुम्हाला देऊ, ३०० आम्ही विकू, त्यावर १० टक्के मानधन, किंमत २५० रुपये. यजमान म्हणतात, हिंदीत लिही, इथं मराठी वाचतं कोण? मुलगी म्हणते, स्वतःच काढ. ताईंच्या मनात स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ लिहावं, असंही येतं. त्या विचारतात, "पैसे भरू का? हिंदीकडे वळू का? नोकरी सोडू का? कथांतली माणसं घरच्यांना ओळखू येतील, तर टोपणनाव घेऊ का? आणि पुस्तक निघालंच नाही, तर स्वतःला लेखिका म्हणायचं का?" सोबत एक कथा जोडली आहे.

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमची वाटणीची कथा वाचली आणि लगेच पुन्हा वाचली. ओसरीवर तराजू मांडलाय, घरातली पितळी भांडी तोलली जातायत, दोघं भाऊ पावकिलो-अर्ध्या किलोवरून तोंडं फिरवून बसलेत आणि धाकटी सून त्या ढिगात लग्नात आलेला, आपलं नाव कोरलेला तांब्या शोधतेय. तो कोणाच्या वाटणीत गेला हे तुम्ही शेवटपर्यंत सांगत नाही. एवढा मोह ज्याला आवरता येतो त्याला कथा लिहिता येते. पुस्तक निघो न निघो, तुम्ही लेखिका आहात. कथा कच्ची असती तर मी तसं स्पष्ट लिहिलं असतं, कारण ७५ हजारांचा निर्णय समोर असताना कोणाला खोटा धीर देणं मला बरोबर वाटत नाही.

आता पत्रात जे नाही त्याबद्दल. तुमच्या पत्रात तीन प्रकाशक आहेत, यजमान आहेत, मुलगी आहे, पण वाचक एकही नाही. या नऊ कथा आजवर कोणी वाचल्या? यजमानांनी पूर्ण वाचल्यात का, हेसुद्धा मला कळलं नाही. प्रकाशक गप्प राहिले म्हणजे कथा कोणाला आवडणार नाहीत, असं तुम्ही मनाशी धरून चालला आहात. तिथंच मला थांबवावंसं वाटतं. मराठी प्रकाशनसंस्था बहुतेक लहान असतात. दोन-तीन माणसं संपादन, हिशेब, पार्सलं सगळं बघतात, आणि टेबलावर हस्तलिखितांचा ढीग असतो. पूर्वी आवृत्ती हजाराची असायची, आता पाचशेची, कधी तीनशेचीही निघते. अशा वेळी नव्या लेखकाचा कथासंग्रह मागे पडतो. त्या गप्प राहण्याचं कारण बहुतेकदा पैसा आणि वेळ असतं. तुमच्या कथेचं मोल त्यावरून कळत नाही.

आपल्याच भागातलं एक उदाहरण सांगते. भा. रा. तांबे १८७३ साली मुंगावलीला जन्मले आणि जन्मभर माळवा-ग्वाल्हेरकडच्या संस्थानांत नोकऱ्या करत राहिले, पुण्या-मुंबईपासून लांब. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला. तो वा. गो. मायदेवांनी पुढाकार घेऊन काढला. तांबे तेव्हा ४६ वर्षांचे होते, म्हणजे आज तुमचं जे वय आहे तेच. त्यांना आधी चाहते मिळाले आणि संग्रह नंतर आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या बळावर लिहिणाऱ्या माणसाला तर तो टाळताच येत नाही.

म्हणून कोणालाही एक रुपया देण्याआधी दहा वाचक शोधा. दहाही नातेवाईक नकोत. एखाद्या सत्तरीच्या आजी असाव्यात, ज्यांनी वाडे पाहिलेत. एखादी पुण्याची किंवा नागपूरची मैत्रीण असावी, जिला इंदूर ठाऊक नाही. रामबाग न पाहता कथा तिच्यापर्यंत पोचते का ते तिच्याकडून कळेल. मुलीच्या वयाचं कोणीतरी हवंच. इथल्या मुलांना मराठी बोलता येतं पण सलग वाचायचा कंटाळा येतो, त्यांना कथा मोठ्यानं वाचून दाखवा आणि वाचताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. "कशी वाटली?" असं मात्र कोणालाच विचारू नका, सगळे "छान" म्हणतील. कुठं थांबलात, कुठं पान उलटावंसं वाटलं, दुसऱ्या दिवशी कोण आठवलं, एवढंच विचारा आणि उत्तर ऐकताना कथेची बाजू घेऊ नका. सातजण एकाच पानावर थांबले असतील तर त्या पानात दोष आहे. एकच थांबला असेल तर तो प्रश्न त्याचा असू शकतो.

यजमानांच्या "मराठी वाचतं कोण?" या प्रश्नालाही यातूनच उत्तर मिळेल. इंदूरला मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा झालं. सानंद या इथल्या नाट्यसंस्थेच्या मराठी नाटकांना आजही सभासद गर्दी करतात. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जागी कथा वाचून दाखवता येते. यातले सगळे पुस्तकं विकत घेतात असं मी म्हणणार नाही, पण ही माणसं कुठं भेटतात हे तुम्हाला माहीत आहे आणि पुण्याच्या प्रकाशकाला माहीत नाही. शिवाय दिवाळी अंक आहेत. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथाकारासाठी याहून मोठं दार मराठीत नाही. संपादकांचं काम पावसाळ्यातच उरकत येतं, म्हणून जूनच्या आत दोन कथा दोन वेगळ्या अंकांना पाठवा. एकच कथा एका वेळी दोघांना देऊ नका. अंकात कथा आली की प्रकाशकाशी बोलतानाही तुमचा आवाज बदलतो.

आता ७५ हजार. तुमची नोकरी बँकेत, तरीही हा हिशेब पत्रात मांडलेला नाही, म्हणून मी मांडते. तुमच्या २०० प्रती एकही फुकट न वाटता, सवलत न देता विकल्या तर हाती येतात ५० हजार. प्रकाशकांच्या ३०० प्रती सगळ्या खपल्या तर १० टक्क्यांनी साडेसात हजार. एकूण साडेसत्तावन्न. म्हणजे सगळं सर्वोत्तम घडलं, शेवटची प्रतसुद्धा विकली गेली, तरी तुम्ही साडेसतरा हजारांनी तोट्यात आहात, आणि प्रकाशकाला पहिली प्रत विकण्याआधीच पाचशेही प्रतींमागे दीडशे-दीडशे रुपये मिळाले आहेत. मग त्या ३०० प्रती विकायची त्यांना घाई कशाला असेल? पैसे घेऊन पुस्तक काढणारे सगळे लबाड असतात असं नाही. काहीजण चांगलं संपादन करतात, सुबक पुस्तक देतात. पण ते सेवा देतात आणि तुम्ही गिऱ्हाईक असता. निवड होऊन पुस्तक निघण्याचा मान त्यात नसतो. तुम्ही हे ७५ हजार बहुधा त्या मानासाठी मोजायला तयार झाला आहात, असं मला पत्र वाचताना वाटलं. या अटींवर पैसे भरू नका.

कोणाशीही करार करायची वेळ आलीच, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी लक्षात असू द्या. कथा लिहिली त्या क्षणी तिचे हक्क तुमचे झाले, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशापुरते, हे करारात यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. पण "सर्व हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही सही केलीत तर हे आधार फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या आणि जे प्रकाशक वापरणारच नाही ते देऊ नका.

मुलगी म्हणते तसं स्वतः काढायचं असेल, तर मला ते आवडेल. पण त्यात प्रकाशकाचं सगळं काम आपल्या अंगावर येतं. इंदुरात छापखान्यांना तोटा नाही, मराठी अक्षरजुळणी करणारे मात्र कमी आहेत. हिंदीची सवय असलेल्या ऑपरेटरच्या हातून 'वेळ'चं 'वेल' होतं, 'काळ'चं 'काल' होतं, 'दुसऱ्या' हा शब्द 'दुसर्या' होऊन बसतो आणि पूर्णविरामाच्या जागी दंड उभा राहतो. युनिकोडमधली फाइल जुन्या फॉन्टात नेली की जोडाक्षरं तुटतात ती वेगळीच. म्हणून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन मराठी माणसाकडून करून घ्या, गरज पडली तर महाराष्ट्रातून, आणि छापखान्याला फक्त तयार पीडीएफ द्या. काटकसर करायचीच तर मुखपृष्ठाच्या लॅमिनेशनमध्ये करा, मुद्रितशोधनात नको. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १६ पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, धरतात. १६० पानांत म्हणजे दहा फॉर्मांत पुस्तक बसतं का बघा, एखाद्या पानासाठी नवा फॉर्म उघडू देऊ नका. तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा, त्यात कागदाचं वजन आणि शिवण की नुसता गोंद, हे नमूद करायला सांगा. पहिल्यांदा डिजिटल छपाईत शंभर प्रती काढा. प्रतीमागे खर्च जास्त येईल, पण पलंगाखाली चारशे प्रतींचे गठ्ठे पडून राहणार नाहीत. त्या गठ्ठ्यांनी किती चांगल्या लेखकांचा लिहिण्याचा उत्साह संपवलाय, याचं मला फार वाईट वाटतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी तुमच्याकडून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. छापील आणि ई-पुस्तकासाठी वेगळे क्रमांक लागतात. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवणं प्रकाशकाला बंधनकारक आहे. स्वतः पुस्तक काढलंत तर प्रकाशक तुम्हीच. किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः टाकता येतं, मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर काही काळ ते ई-पुस्तक दुसरीकडे न देण्याची अट असते. देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोद्याहून बाहेर पडलेली मराठी माणसं बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत, त्यांना तुमचा वाडा तिथं बसून वाचता येईल.

भाषेचं काय करायचं? प्रकाशकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमच्या कथेत आजी म्हणते, "गाडी लेट होऊन राहिली, तू तोवर चहा पिऊन घे." या वाक्याला हात लावू देऊ नका. इंदूरची मराठी आजी असंच बोलते आणि तिला सदाशिव पेठेतलं बोलायला लावलंत तर कथा कोसळेल. पण त्याच पानावर निवेदनात "तिची आवाज कापत होती" आणि "पोलीस आली" असं आलंय. तिथं बोलणारं पात्र कोणी नाही, हिंदीतलं लिंग नकळत उतरलंय. ते दुरुस्त करा. निवेदकच जर घरातली मुलगी असेल आणि "मी गेली, मी भेटली" असं सांगत असेल, तर मग सगळी कथा तिच्याच बोलीत चालू द्या, मध्येच "मी गेले" नको. लाल पेन्सिल घेऊन एका दिवसात नुसतं निवेदन आणि दुसऱ्या दिवशी नुसते संवाद तपासा, फरक आपोआप दिसू लागेल. महाराष्ट्राबाहेरून लिहिणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगेन. आपल्या मराठीची लाज बाळगू नका, पण कुठला हिंदीपणा आपण ठेवला आणि कुठला राहून गेला, हे आपल्याला माहीत असायला हवं.

हिंदीकडे वळण्याबद्दल. माळव्यात वाढलेल्या एका मराठी घरातून दोन कवी झाले. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत राहिले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र, जन्म इंदूरचा, १९२१चा, मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली साहित्य अकादमीचे मानकरी झाले. वाचक जास्त म्हणून हिंदी, असा हिशेब गजाननरावांच्या बाबतीत कामी आला नाही. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आला. तुमची आजी, जावा, दीर तुमच्या कानात मराठीतच भांडतात, हे कथेतून ऐकू येतं. उद्या एखादी गोष्ट हिंदीत सुचली तर जरूर हिंदीत लिहा. या नऊ मात्र मराठीतच राहू द्या. त्यांचा हिंदी अनुवाद नंतर होऊ शकतो, आणि त्यासाठीच अनुवादाचे हक्क जपून ठेवा.

नोकरी आत्ता सोडू नका. हे मी सावधपणापोटी म्हणते असं समजू नका, कथांच्या काळजीनं म्हणते. पाचशे प्रती स्वतः छापून पूर्ण किमतीला विकल्या तरी सव्वा लाख जमा होतात. त्यातून छपाई, टपाल, विक्रेत्याची सवलत जाते, आणि पाचशे प्रती विकायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. मराठीत केवळ स्वतःच्या पुस्तकांवर घर चालवणारे मोजकेच. नोकरी सोडून लिहिणारे बहुतेकजण अनुवाद, मालिकांचं लेखन, जाहिरातींचा मजकूर यावर जगतात, आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी शब्द वापरून झाल्यावर रात्री स्वतःची कथा लिहायला त्यांच्यात त्राण उरत नाही. तुमची पहाट आज कोणाच्याही मिंधी नाही. तांब्या कोणाला मिळाला ते लपवून ठेवायची मुभा तुम्हाला त्या पगारामुळे आहे. विकण्यासाठी लिहिलं असतंत तर कदाचित शेवटी ते सांगावं लागलं असतं. मुलीचं शिक्षण संपलं, घराचं कर्ज फिटलं, दोनेक वर्षांचा खर्च बाजूला पडला, म्हणजे हा प्रश्न पुन्हा काढा. तोवर शिल्लक रजेतले पंधरा दिवस घ्या आणि पूर्णवेळ लिहून बघा. कित्येकांना त्या पंधरा दिवसांत कळतं की दुपारी त्यांना लिहिताच येत नाही.

राहिलं टोपणनाव. ते घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. स्वतःच्या नावानं काढलेल्या पुस्तकाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, टोपणनावानं काढलेल्याचे प्रकाशनापासून ६० वर्षं. दरम्यान खरं नाव जाहीर झालं तर पहिला नियम लागू होतो. पण टोपणनावानं तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. इंदूरच्या मराठी घरांत रामबागेतल्या वाड्याची वाटणी कोणी लिहिली, हे आठवड्यात सगळ्यांना कळेल. नुसती नावं बदलूनही भागणार नाही. भावांची संख्या बदला, कोणाचा धंदा बदला, भांडण पैशाचं असेल तर ते देवघरावरून होऊ द्या. असं करताना कथा बहुतेक वेळा सुधारते, कारण घडलं तसं सांगण्याचं ओझं उतरतं. थोरल्या जाऊबाईंना ती वाटणीची कथा पुस्तक छापखान्यात जाण्याआधी वाचायला द्या. परवानगी मागू नका, पण बाहेरच्या कोणाकडून कळण्याआधी त्यांना तुमच्याकडून कळू द्या. आणि एखाद्या हयात माणसाचा आजार किंवा पैशाचा व्यवहार जसाच्या तसा आलाय, असं ज्या कथेबद्दल तुम्हाला मनातून वाटत असेल, ती या संग्रहातून बाहेर काढून ठेवा. आठ कथांचंही पुस्तक होतं.